लाल चिंधीचा कोयता

मित्रांनो, मी एक जुना कोयता आहे. दचकलात ना? दचका. अलीकडे माझं नाव निघालं की पेपरवाले मोठी अक्षरं काढतात आणि आया पोरांना घरात ओढतात. त्याबद्दल माझी कुणावर तक्रार नाही. तक्रार आहे ती माझी माझ्यावरच.

सध्या माझा मुक्काम एका पोलीस चौकीच्या मागच्या खोलीत आहे. लोखंडी मांडणीच्या दुसऱ्या फळीवर. गळ्यात पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली आहे. तिच्यावर एक नंबर आहे, एक तारीख आहे आणि माझी ओळख म्हणून चार शब्द आहेत: 'मुठीस लाल कापडी चिंधी'. एवढ्या आयुष्याची ओळख चार शब्दांत उरकली. पण ती चिंधी खरीच आहे, आणि पुढे जे घडलं ते तिच्यामुळेच उघडकीला आलं, म्हणून लिहिणाऱ्याला दोष देता येत नाही.

माझा जन्म बीडकडच्या एका आठवडी बाजारात, बाभळीखाली झाला. त्याआधी मी एका मालट्रकच्या कमानपाट्यातला पाटा होतो. खड्डे सोसून सोसून ट्रक म्हातारा झाला, भंगारात गेला, आणि मी चिमाबाईच्या भट्टीत पडलो. चिमाबाईचा नवरा मला सांडशीत धरायचा आणि चिमाबाई घण घालायची. पदर खोचून, कडेवरचं पोर पोत्यावर बसवून असा घण घालायची की ते पोरही प्रत्येक ठोक्याला टाळी वाजवायचं. मग धारेला पाणी दिलं, बाभळीची मूठ बसवली आणि मी कोयता झालो.

मला घ्यायला अनिता आली. लग्नाला सहा महिने झाले होते तिच्या. तिने मला हातात तोललं आणि धारेवरून अंगठा आडवा फिरवला.

"हलका हाय जरा," ती म्हणाली.

"हात हलका ठेवायचा आन् कोयता जड मागायचा व्हय?" चिमाबाई हसली. "घेऊन जा, पोरी. रोज काम दे त्याला. बसून राहिलं की लोखंडाला नको ते सुचतं."

मी तेव्हा हसलो होतो. लोखंडाला काय सुचणार?

मित्रांनो, ऊसतोडीच्या मुलखातली एक रीत तुम्हाला सांगतो. तिथं नवरा-बायकोला दोन माणसं म्हणत नाहीत, 'एक कोयता' म्हणतात. मुकादम विचारतो, "किती कोयते आणलेस?" म्हणजे किती जोडपी. अनिता आणि तिचा नवरा समाधान, या दोघांना मिळून जे नाव होतं ते माझं होतं. यापेक्षा मोठा मान कुठल्या अवजाराला मिळाला असेल तर मला जरूर कळवा.

त्यांच्या ओमचा जन्म उसाच्या फडावरच झाला. पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, पहाटे, दवाखाना दूर आणि गाड्या ऊस भरायला गेलेल्या. शेजारच्या कोपीतल्या गोजाबाईने पाणी उकळलं, मला त्यात बुडवून काढलं आणि माझ्या धारेने त्याची नाळ कापली. त्याचं पहिलं रडणं मी फार जवळून ऐकलं आहे. हे सांगताना मला आज मान वर करवत नाही, पण सांगितलं पाहिजे. नाहीतर पुढचं तुम्हाला नुसतं बातमीसारखं वाटेल.

ओम पाच वर्षांचा झाला. शाळेच्या वेळेला उसाच्या सरीतून हिंडू लागला. एक दिवस त्याने मला दोन्ही हातांनी उचलायचा प्रयत्न केला. अनिताने ते पाहिलं आणि रात्री समाधानला म्हणाली, "आता फडावर यायचं नाही. ह्याच्या हातात कोयता द्यायचा नाही मला."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं आहे.

मग आम्ही भोसरीला आलो. समाधान एका वर्कशॉपमध्ये प्रेस मशिनवर लागला. दहा बाय बाराची खोली मिळाली. अनिताला मात्र कंपनीत काम मिळेना. मी गोणपाटात गुंडाळलेला, पलंगाखाली पडून. चिमाबाईचं म्हणणं आठवत होतो.

तेव्हा सयाजी भेटले. मूळचे चाकणजवळच्या गावचे, आता दिघीत राहणारे. वडिलोपार्जित रान होतं, तिथं आता कारखान्याचं पार्किंग आहे. सयाजींनी टेम्पो घेतला आणि शहाळ्यांची वाहतूक सुरू केली. समाधानच्या कंपनीच्या गेटासमोर सुबाभळीखाली जागा मोकळी होती. ती त्यांनीच अनिताला दाखवली, हातगाडीही त्यांनीच मिळवून दिली. पहिल्या दिवशी अनिताने शहाळ्यावर घाव घातला आणि निम्मं पाणी रस्त्यावर.

"वैनी, ह्यो ऊस न्हाई," सयाजी टेम्पोतून उतरत म्हणाले. "मुळावर घाव घालायची सवय सोडा. शहाळ्याची मान बघायची. तीन घाव तिरपे, चौथा हलका. पाणी दिसलं पायजे, सांडलं न्हाई पायजे."

"चौथा किती हलका?"

"पोराला टपली मारता ना, तेवढा."

अनिताला ते चटकन जमलं. मूठ घामाने निसटायची म्हणून तिने आपल्या लग्नातल्या लाल साडीचा काठ फाडून माझ्या मुठीला गुंडाळला. त्या काठावर पिवळ्या मोरांची बारीक रांग आहे. तीच ही चिंधी.

दहा वर्षं मी त्या सुबाभळीखाली काम केलं. पहिली शिफ्ट सुटली की पोरं यायची, तेलकट हातांनी शहाळं धरायची. तापातून उठलेली माणसं यायची. अनिता रोज सकाळी गाडी लावली की आधी माझ्या धारेवरून अंगठा फिरवायची. नमस्कार नाही, काही नाही, नुसता अंगठा. तेवढ्यात तिला सगळं कळायचं. धार किती उरली, काल कवट्या किती निबर होत्या, सगळं.

ओम मात्र मोठा होत होता. आठवीपर्यंत तो शाळा सुटली की गाडीवर यायचा, मलई खरवडून खायचा. नववीत गेला आणि समोरच्या फुटपाथने जायला लागला. मित्र बरोबर असले की मान फोनमध्ये. एकदा त्याच्याच वर्गातला सुजित गाडीवर आला आणि विचारलं, "काकू, ओम तुमचाच ना?" तर पलीकडून ओम ओरडला, "चल ना भावा, उशीर होतोय!" अनिताने सुजितला शहाळं दिलं आणि त्याच्याकडून पैसे घेतले नाहीत. त्या संध्याकाळी तिने मला दोनदा पुसलं. एकदा पुरे होतं.

आता त्या दिवसाचं सांगतो जिथून सगळं बिघडलं. दिवस चांगला होता, हीच तर गंमत.

खंडेनवमी होती. तुम्हाला माहीतच आहे, त्या दिवशी घरातल्या हत्यारांची पूजा करतात आणि त्यांना काम सांगत नाहीत. समाधानच्या वर्कशॉपमध्ये मशिनींना हार घातले होते. अनिताने गाडी लावली नाही. मला चिंचेने घासलं, लखलखीत केलं, पाटावर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. तेवढ्यात ओम आंघोळ करून बाहेर आला आणि माझ्याकडे बघत राहिला.

"आई, थांब, थांब. व्हिडिओ काढ ना माझा. कोयता घेऊन."

अनिताचा हात हळदीचा होता. तिने तो पदराला पुसला. दोन वर्षं जो पोरगा गाडीकडे बघत नव्हता, तो आज गाडीवरचा कोयता मागत होता. तिला वाटलं, आला परत.

"मला नाही येत बाबा ते."

"अगं, नुसता लाल गोल दाबायचा."

तिने दाबला. एवढंच नाही, हौसेने म्हणाली, "असा काय धरतोस काठीसारखा? खांद्यावर घे की. तुझे पप्पा फडावर घ्यायचे तसा."

ओमने मला खांद्यावर घेतलं. हार सरकून त्याच्या गळ्यापाशी आला. समाधान पेढ्यांचा पुडा घेऊन दारात आला आणि हसत म्हणाला, "अरे वा, हिरोच दिसतोय की!"

ओमने मागे धडधडतं संगीत टाकलं, वेग कमी केला, आणि मला जगापुढे सोडून दिलं. दिवस मावळेपर्यंत चार हजार लोकांनी मला पाहिलं होतं. ओम मोठ्याने आकडे सांगत होता, अनिता पुरण वाटताना "किती झाले?" विचारत होती.

आणि मी? मित्रांनो, खोटं कशाला सांगू? मला आवडलं. सहा हंगाम ऊस तोडला, कुणी 'वा' म्हटलं नाही. दहा वर्षं शहाळी फोडली, लोक पाणी पिऊन गेले. आणि खांद्यावर नुसता चकाकत बसलो तर चार हजार माणसं! हृदयंच हृदयं. मला वाटलं, आपण काम करायचोच कशाला? मला लाज वाटायला हवी होती ती इथून. पण ती उशिरा आली.

दुसऱ्या दिवशी सुजित आणि ओम गाडीमागच्या कट्ट्यावर बसून व्हिडिओखाली लोकांनी लिहिलेलं वाचत होते. अनिता गिऱ्हाईकात होती.

"हे बघ," सुजित वाचू लागला, "'भावा, हार घालून काय दाखवतो, चालवून दाखव.' आणि हा, 'कोयता आहे की देवघर?'" तो हसला. मग थांबला. "सोड, पुढचं काही नाही."

"वाच ना."

"'हा तर गेटवरच्या शहाळ्याच्या गाडीचा कोयता. मम्मीला विचारून आणला का?'"

त्याखाली सत्तावीस हसणारी तोंडं होती. ओमने ती मोजली. मी गाडीवर, त्याच्यापासून हातभरावर होतो, मला त्याचा श्वास कळत होता.

मग एक नवल झालं. ओम फोनवर बोट वर सरकवायचा आणि दरवेळी माझ्यासारखाच कुणीतरी समोर यायचा. पोरं गाड्यांवर उभी, पोरं धुरात चालतायत, हातात कोयते. फोनला वाटलं असावं, याला हेच हवंय. जेवायला बसलेल्या माणसाने एकदा चटणी मागितली म्हणून कुणी पानभर चटणीच वाढत राहावं, तसं. ओमच्या पानात दुसरं काही पडेना.

चार दिवसांनी सुजितचा वाढदिवस होता. केक मोटरसायकलच्या सीटवर ठेवला आणि माझ्याकडून कापला. मला केक कापता येत नाही. माझ्या मुठीत केकच्या मलईचा लगदा बसला. सकाळी अनिताने मला गोणपाटाखालून काढलं तर मुंग्यांची रांग.

"ओम, कोयत्याला मुंग्या कशा रे?"

"नारळाचं पाणी वाळलं असेल."

"व्हय, असंल," म्हणाली आणि धुऊन टाकलं. दहा वर्षं मला शहाळ्याचं पाणी लागत होतं, एकदाही मुंग्या आल्या नव्हत्या. तिला ते कळायला हवं होतं. पण पोरगा रोज गाडीवर येऊन बसत होता ना! "आई, तू जेवून ये, मी आहे," म्हणत होता. अशा पोराची कोण उलटतपासणी करतं? आणि मला धार आहे, जीभ नाही.

त्या आठवड्यातल्याच एका दुपारी अनिता जेवायला गेली. ओमने गाडीवर गोणपाट टाकलं, मला दप्तरात घातलं आणि तो आणि सुजित कंपन्यांच्या मागच्या रस्त्यावर आले. तिथं दुपारी टेम्पो लागलेले असतात. ओमने तोंडाला रुमाल बांधला. सुजितने फोन धरला.

पहिले दोन वार हवेत झाले. ठरलंही तेवढंच होतं. काचेजवळ न्यायचं आणि थांबवायचं.

सुजितने फोनमध्ये पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "हवेत काय मारतोय भावा? हवेला कोण लाईक देतं?"

"मग?"

"एक काच. एकच. भंगार टेम्पो आहे, काय फरक पडतो?"

मित्रांनो, मी तो टेम्पो ओळखला. मागे शहाळ्यांची रिकामी पोती होती. ड्रायव्हरच्या बाजूच्या काचेला आतून हिरवा टॉवेल लावलेला होता, उन्हासाठी. तो टॉवेल ओमनेही शंभरदा पाहिला होता. लहानपणी त्याच टॉवेलने सयाजींनी त्याचं शेंबडं नाक पुसलं आहे. पण ओमची नजर काचेवर नव्हतीच. ती सुजितच्या फोनवर होती, आपण कसे दिसतो ते बघत होती.

मी काचेवर आणि तिच्या लोखंडी चौकटीवर आदळलो. काच साखरेसारखी सांडली. आणि आतून आवाज आला, "आई गं!" पोरं मला घेऊन पळत सुटली.

व्हिडिओ तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. त्यात तो आवाज नाही. सुजितने तो घरी जाऊन कापला आणि तिथं संगीत टाकलं. मी मात्र तो ऐकला आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे सयाजींचा टेम्पो आला नाही. अनिताने कालच्या उरलेल्या शहाळ्यांवर गाडी लावली. सवयीने माझ्या धारेवरून अंगठा फिरवला आणि अंगठा मधेच अडला.

"ह्याला खांडा कुठं पडला?" ती स्वतःशीच म्हणाली.

तेवढ्यात वर्षाली आली. जवळच्या कॉलेजात जाणारी, नेहमीचं गिऱ्हाईक. "काकू, कळलं का? सयाजीकाकांच्या टेम्पोची काच फोडली कुणीतरी. काका आत झोपले होते. डोळ्यात काच गेली म्हणे. हे बघा, व्हिडिओपण टाकलाय निर्लज्जांनी."

अनिताने फोन हातात घेतला. व्हिडिओ अकरा सेकंदांचा आहे. पोराचं तोंड बांधलेलं होतं. माझं कुणी बांधलं नव्हतं. लाल चिंधी, तिच्यावर पिवळे मोर, आणि मी, दुपारच्या उन्हात चमकत.

तिने फोन परत दिला. आणि तळहाताने माझी मूठ झाकली.

"मलईवालं द्या काकू," वर्षाली म्हणाली.

तीन घाव तिरपे, चौथा हलका. पहिल्या दिवसानंतर दहा वर्षांत पहिल्यांदा पाणी रस्त्यावर सांडलं.

वर्षाली गेल्यावर अनिता गाडीमागे बसली आणि माझी चिंधी सोडू लागली. मला सगळं कळत होतं. चिंधी गेली की मी बाजारातल्या शंभर कोयत्यांसारखा एक. गटारात टाकली तर संपलंच. कुणाला कळणार होतं? पहिला वेढा सुटला. दुसरा सुटला. तिसऱ्या वेढ्यातून काचेचा कण निघाला आणि तिच्या बोटाला चिकटला. ज्वारीच्या दाण्याएवढासुद्धा नव्हता. ती त्याच्याकडे कितीतरी वेळ बघत बसली. मग तिने चिंधी पुन्हा गुंडाळली, आधीपेक्षा घट्ट.

ओम शाळेतून आला तेव्हा ती दारातच बसली होती.

"चपला काढू नको. दिघीला जायचंय. सयाजीभाऊंकडं."

ओमने आधी आजूबाजूला पाहिलं. "आई... कोणालाच माहीत नाहीये."

"मला माहीत हाय की. मी कोणीच नाही व्हय?"

ओम खाली बसला. "मला माहीत नव्हतं ते आत आहेत. देवाशप्पथ. आई, मला आत टाकतील."

अनिताने त्याच्या केसांतून हात फिरवला, आणि मग तोच हात झटकन मागे घेतला. "पहिला व्हिडिओ मीच काढला," ती म्हणाली. "खांद्यावर घे म्हणून मीच सांगितलं. चल. तुझ्या एकट्याचं नाही हे."

मला जुन्या पेपरात गुंडाळून तिने पिशवीत घातलं. शेअर रिक्षात माझ्या एका बाजूला आई होती, एका बाजूला मुलगा. दोघं दोन दिशांना बघत होते.

सयाजींच्या घरी त्यांच्या बायकोने, कुसुमताईंनी, दार उघडलं. "या, अनिता. बस. सकाळपास्नं नुसती रीघ लागलीय बघायला. च्या टाकते."

सयाजी खाटेवर टेकून बसले होते. उजव्या डोळ्यावर पट्टी, गालावर लाल ओरखडे. "वैनी, आज माल न्हाई आला ना तुमचा? दुसऱ्या गाडीला सांगितलंय म्या, उद्यापास्नं यील."

अनिता पुढे झाली. तिने पिशवीतून मला काढलं, पेपर सोडला आणि त्यांच्या पायापाशी ठेवलं. मग ओमच्या पाठीला हात लावून त्याला पुढे केलं.

सयाजींनी एका डोळ्याने माझ्याकडे पाहिलं. चिंधीकडे पाहिलं. मग ओमकडे. आतून गॅस बंद केल्याचा आवाज आला. कुसुमताई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या दिवशी त्या घरात चहा झाला नाही.

"डॉक्टर काय म्हणाले?" अनिताने विचारलं.

"आठ दिसांनी कळंल. ऱ्हातोय का जातोय ते." सयाजींनी हात पुढे केला. "ओम, फोन दे. दाव मला त्यो व्हिडिओ. समद्या भोसरीनं बघितला, मीच ऱ्हायलोय."

ओमने व्हिडिओ दोनदा चुकून बंद केला, तिसऱ्यांदा लावून फोन त्यांच्या हातात दिला. सयाजींनी अकरा सेकंद पाहिले. पुन्हा पाहिले.

"किती लोकांनी बघितलाय?"

"एकोणीस हजार," ओम पुटपुटला.

"आन् खाली लिहितात ना काय काय. काय लिवलंय?"

ओमने फोन परत घेतला.

"वाच रं."

"'कडक भावा.' 'एकच वार.' 'भाऊचा नाद नाय.'"

"बरं. ह्या एकोणीस हजारांत एकानं तरी इचारलं का, आत कोण झोपलंय म्हणून?"

ओमने फोनवर बोट सरकवलं. खरंच शोधत होता तो. खाली, आणखी खाली. बराच वेळ. मग त्याने मान हलवली आणि तिथंच, माझ्या शेजारी, जमिनीवर बसून रडायला लागला. मी त्याचं पहिलं रडणं ऐकलं होतं. हेही तेवढ्याच जवळून ऐकलं.

थोड्या वेळाने सयाजी म्हणाले, "वैनी, चौकीला म्या कम्प्लेंट दिलीय. अनोळखी इसम म्हणून. ती काय मी मागं घ्यायचो न्हाई."

"घेऊ नका, भाऊ," अनिता म्हणाली.

कुसुमताईंनी तेव्हा पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. आत गेल्या आणि पाण्याचा तांब्या आणून तिच्यापुढे ठेवला.

अनिता उठली तसे सयाजीही भिंतीला धरून उठले. "थांबा. एकल्या जाऊ नका चौकीला. मी पन येतो."

असे आम्ही गेलो. पुढे सयाजी, त्यांना धरून कुसुमताई, मागे माय-लेक, आणि पिशवीत मी. समाधान शिफ्ट सोडून कंपनीच्या कपड्यांतच धावत आला. ओमने सगळं सांगितलं. सुजितलाही बोलावलं गेलं. चौकीतल्या स्नेहल मॅडमनी मला मोजलं, चिठ्ठी लिहिली. चिठ्ठी बांधायच्या आधी अनिताने एकदा, नकळत, माझ्या धारेवरून अंगठा फिरवला. खांड्यापाशी थांबली. मॅडम म्हणाल्या, "ताई, आता हात लावू नका." तिने हात मागे घेतला.

याला वर्ष झालं. सयाजींचा डोळा राहिला, पण त्यातून धुक्यातून बघावं तसं दिसतं. अंधारात ते आता टेम्पो चालवत नाहीत, म्हणून माल उजाडल्यावर येतो. ओम प्रकरणाच्या तारखांना जातो, आणि रोज सकाळी कॉलेजआधी टेम्पोतली शहाळी उतरवतो. सयाजी त्याच्याशी कामापुरतंच बोलतात. हे मला त्याच स्नेहल मॅडमच्या बोलण्यातून कळतं. त्या अनिताच्या गाडीवर शहाळं प्यायला जातात. त्यांनीच एकदा सांगितलं की अनिताने नवा कोयता आणला, पण तो उचलला की लहान पोरांच्या आया पोरांना मागे घेतात. म्हणून आता ती गिऱ्हाईकाकडे पाठ करून शहाळं फोडते.

मित्रांनो, खांडा मला पडला त्याचं दुःख नाही. तिला पाठ करावी लागते, याची लाज मला झोपू देत नाही.

या खोलीत माझ्यासारखे आणखी आहेत. कुणी ऊस तोडलेला, कुणी मांडवाचे बांबू छाटलेला. माझ्या शेजारी एक कोरा करकरीत आहे, फोनवरून मागवलेला, खोक्यातून थेट व्हिडिओत गेलेला. त्याने आयुष्यात एक काडी तोडली नाही की एक शहाळं फोडलं नाही. परवा खंडेनवमीला बाहेर चौकीतल्या बंदुकांची पूजा झाली. दाराच्या फटीतून झेंडूचा वास आला तेव्हा त्याने मला विचारलं, "हे काय असतं?" मला सांगवेना. आमच्यापर्यंत फूल आलं नाही. येऊही नये.

मला आता गंज चढू लागला आहे. मूठ सैल झाली आहे, चिंधीवरचे मोर पुसट झाले आहेत. काही वर्षांनी माझं लोखंड ओळखूही येणार नाही. पण ते अकरा सेकंद गंजत नाहीत. ओमने आणि सुजितने आपापल्या फोनमधून ते काढून टाकले, तरी कुणाकुणाच्या हाती गेलेले ते अजून फिरत आहेत, आणि त्यात मी तसाच तरुण, तसाच चकाकता आहे.

कधीतरी तो मी तुमच्या बोटाखालीही येईन. तेव्हा माझ्याकडे बघू नका. मला बघणाऱ्यांची काही कमी नाही, आणि मला त्याची चटक लागली होती हेही मी तुमच्यापासून लपवलेलं नाही. तुम्ही फक्त एक करा. बोट जरा थांबवा आणि टेम्पोच्या खिडकीकडे बघा. काचेला आतून एक हिरवा टॉवेल लावलेला आहे. कुणीतरी तो उन्हासाठी लावला आहे. पहाटेपासून राबून, पाठ टेकायला.

आत माणूस आहे.